वेळ न सांगणारी घड्याळं

माझ्या भावाच्या विमानात सात घड्याळं होती आणि त्यांतल्या एकातही किती वाजले ते कळत नसे. त्याच्या पत्रातलं हे वाक्य मी वडिलांना वाचून दाखवलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "मग ती घातलीत कशाला गो? भिंतीवर टांगायला?"

वडिलांना वाचता येत नव्हतं. ते तांडेल होते. गलबत दुसऱ्याच्या मालकीचं, पण समुद्रावर हुकूम यांचा. मंगळूरची कौलं मुंबईला पोचवायची आणि येताना मिळेल तो माल भरून रत्नागिरीला यायचं, असं त्यांनी चाळीस वर्षं केलं. मग गुडघे गेले. तेव्हापासून दिवसभर मांडवीच्या धक्क्यावर बसून दुसऱ्यांच्या गलबतांना नावं ठेवणं हा त्यांचा उद्योग झाला. आई मी दहा वर्षांची असतानाच वारली होती. भाऊ तेव्हा तीन वर्षांचा. त्याला न्हाऊमाखू मीच घातलं आणि धपाटेही मीच दिले. माझं लग्न गावातच झालं, त्यामुळे संध्याकाळी वडिलांकडे जाऊन दोन भाकऱ्या थापायच्या आणि पत्र आलं असेल तर वाचायचं, हे माझं ठरलेलं होतं. उत्तरही मीच लिही. वडील सांगत, मी लिही, आणि खाली त्यांचा अंगठा.

त्यांच्या धंद्यातली एक रीत इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येतं. धुकं पडलं, किनारा दिसेना, की ते ओंजळभर समुद्राचं पाणी घेऊन दोन्ही गाल ओले करत, डोळे मिटत आणि गप्प उभे राहत. ज्या बाजूचा गाल गार पडेल तिकडून वारा. त्या मोसमात वारा कुठला असतो हे तोंडपाठ, त्यावरून दिशा कळे आणि सुकाणू वळे. गलबतावर होकायंत्र होतं, पण वडील त्याच्याकडे क्वचितच बघत. म्हणत, डबा बिघडतो, गाल बिघडत नाही.

ही विद्या त्यांनी भावाला सहा वर्षांचा असल्यापासून दिली. धक्क्यावर उभा करायचा, डोळ्यांना पंचा बांधायचा, तीनदा गरकन फिरवायचा, गालाला पाणी लावायचं आणि विचारायचं, "बोल, वारा खंयचा?" चुकला की टपली. माझे डोळे त्यांनी कधी बांधले नाहीत. मुलीला काय करायचंय म्हणत. मी विहिरीवर एकटी असताना करून बघे आणि माझं बरोबर येई. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगून काही मिळणार नव्हतं.

भाऊ मात्र समुद्रावर गेला नाही. मॅट्रिक होऊन मुंबईला मोटारींच्या कारखान्यात लागला, तिथून विमान चालवणं शिकवणाऱ्या एका क्लबाच्या कारखान्यात. दोन वर्षं इंजिनं पुसली. मग कुणाच्या तरी मनात भरला आणि शिष्यवृत्तीवर स्वतःच विमान चालवायला शिकू लागला. वडिलांनी चार दिवस तोंड फिरवलं आणि पाचव्या दिवसापासून धक्क्यावर भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली की तेही गलबतच, फक्त वर चालतं.

त्या काळातली त्याची पत्रं म्हणजे आमची करमणूक होती. वैमानिकाच्या पुढ्यात लाकडी फळीवर गोल तबकड्या बसवलेल्या असतात, त्यांची पुस्तकातली लांबलचक इंग्रजी नावं ही पोरं परीक्षेपुरतीच घेत. एरवी ती सगळी घड्याळं, आणि प्रत्येकाला टोपणनाव. उंची सांगणारी ती म्हातारी, कारण तिला सगळं उशिरा कळतं. विमान खाली आलं तरी ती वरचाच आकडा धरून बसते. इंजिनाचे फेरे मोजणारा तो रहाट. तेलाचा दाब दाखवणारी नाडी. नाडी पडली की बोलत बसायचं नाही, उतरायला शेत शोधायचं. होकायंत्राचं नाव दारुड्या. त्याच्या पोटात खरोखरच स्पिरिट भरलेलं असतं, आणि विमान वळलं की तो भलतीकडे झुकतो, झोकांड्या खातो आणि बऱ्याच वेळाने जागेवर येतो. ही नावं आपणच ठेवलीत आणि पारशी-गुजराती पोरंसुद्धा तीच घेतात, अशी त्याने बढाई मारली होती. त्यातली निम्मी खरी असावी.

दोन नावं मात्र नीट लक्षात ठेवण्यासारखी. काठी आणि गोटी. दोन्ही एकाच तबकडीत. काठी म्हणजे उभा काटा. विमान डावीकडे वळत असलं की तो डावीकडे कलतो, उजवीकडे वळलं की उजवीकडे. तिच्याखाली वाकवलेल्या काचेच्या नळीत काळी गोटी. विमान चालता चालता एका अंगाला घसरू लागलं की गोटी मधली जागा सोडते.

दारुड्या वडिलांना फार आवडला. धक्क्यावरच्या जुन्या तांडेलांत तो इतका चालला की पुढे कुणाचंही गलबत वाट चुकलं की "दारुड्याचं ऐकलंन वाटतं" असं म्हणू लागले. काठी-गोटी त्यांना समजावताना मी पोळपाटावर लाटणं आणि सुपारी ठेवून दाखवलं. ते म्हणाले, "घसरायला लागलं तर गालाला कळेल की. त्याला सुपारी कशाला?"

आणि गंमत अशी की दोन महिन्यांनी त्याचं पत्र आलं, त्यात हेच. विमान शिकवणाऱ्या मास्तरांनी गोटीवर कागद चिकटवला आणि म्हणाले, आता उडव. त्या विमानांत वैमानिक उघड्यावरच बसे. विमान डावीकडे घसरलं की वारा डाव्या गालावर लागे, उजवीकडे घसरलं की उजव्या. भावाने न बघता दर वेळी बरोबर सांगितलं. मास्तरांनी विचारलं, हे कुठे शिकलास? त्याने लिहिलं होतं, 'मी म्हटलं, मांडवीच्या धक्क्यावर, वडिलांकडे.'

ते पत्र वडिलांनी चारदा वाचून घेतलं. मग घडी करून कोपरीच्या खिशात घातलं आणि धक्क्यावर गेले. तिथे वाचता येणारं कुणी नव्हतं, पण त्याने काही अडलं नाही. त्यांना पाठ झालं होतं. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की पोरगा बापाच्या धंद्यात गेला नाही याचं त्यांचं दुःख संपलं.

त्यानंतरचं पत्र ढगांबद्दल होतं. मी वाचता वाचता अडखळले, पण थांबायला उशीर झाला होता. 'मास्तर म्हणतात, ढगात गाल खोटं बोलतो. ढगात शिरलं की क्षितिज दिसत नाही. विमान गोल गोल फिरत खाली चाललेलं असतं, तरी वारा समोरूनच लागतो, गोटीही मध्येच असते, आणि अंगाला वाटतं आपण सरळ चाललोय. फिरतोय हे फक्त काठी सांगते, आणि खाली चाललोय हे म्हातारी. म्हणून ढगात गाल विसरायचा, अंग विसरायचं. घड्याळं सांगतील तेच खरं.'

वडील ताटावरून अर्धवट उठले. दुसऱ्या दिवशी धक्क्यावरही गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कागद घे. लिही. गाल खोटं बोलत नाय. चाळीस वर्सं मी त्येच्यावर गलबत हाकलंय, येक माणूस बुडवला नाय. तुझ्या मास्तराला वारा म्हाईत नाय. घड्याळांचं ऐकून बापाला खोटं पाडू नको." आणि अंगठा उठवून ते मागच्या अंगणात जाऊन बसले.

मी लिहिलं, तेवढं. पत्र बंद करायच्या आधी खाली थोडी जागा उरली होती, तिथे मी आपल्या मनाने लिहिलं: 'बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तू एकदा ढगात गालावर चालवून बघ, आणि जमलं असं त्यांना कळव. एवढं त्यांच्यासाठी कर.'

या तीन ओळी कुणी सांगितल्या नव्हत्या. त्या माझ्या आहेत. ढग म्हणजे उंचावरचं धुकं, एवढीच माझी समजूत होती, आणि धुक्यात वडील कधी चुकले नव्हते. शिवाय मला त्या मास्तरांचा रागही आला होता. ज्या माणसाने आपल्या बापाला कधी पाहिलं नाही त्याने त्याला खोटं ठरवावं, हे मला सहन झालं नाही.

या पत्राला सरळ उत्तर आलं नाही. परीक्षेची गडबड होती. मग तो पास झाला आणि एका लहान कंपनीत टपालाच्या विमानावर लागला. दसऱ्यापासून मेपर्यंत मुंबईहून गोव्याला आणि परत. वाटेत रत्नागिरीच्या वर सड्यावर, कातळ सपाट करून केलेल्या मैदानात, दहा मिनिटांचा मुक्काम. पुढे पेटीसारख्या खोलीत टपालाच्या थैल्या, मागे उघड्यावर माझा भाऊ, चामड्याच्या टोपीत. पहिल्यांदा तो उतरला तेव्हा अर्धं गाव सड्यावर होतं. वडिलांना मोटारीतून नेलं. विमान थांबल्यावर ते काठी टेकत टेकत त्याच्या नाकापर्यंत गेले आणि गलबताच्या फळीवर मारावी तशी त्यावर थाप मारून बघितली.

भावाने मला पायरीवर चढवून आत डोकावू दिलं. ती फळी, त्या तबकड्या. मी सगळ्यांना नावानिशी ओळखलं. म्हातारी, रहाट, नाडी. दारुड्या खरंच हलत होता. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले, आणि तिथे उभे असलेले सरकारी लोक माझ्याकडे बघू लागले. नवऱ्याच्या कचेरीतले साहेब होते त्यांत. पण मला त्याची फिकीर नव्हती.

मे महिन्यातली ती खेप मला रोज आठवते. गोव्याहून परतीचं विमान होतं, आणि वडिलांना घेऊन मी सड्यावर गेले होते. आभाळात पूर्वेकडे ढग जमले होते, उकाडा मरणाचा. वडिलांनी त्याला विचारलं, "काय रे, गालावर चालवतोस ना?" त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "चालवतो ना, बाबा." मला वाटलं म्हाताऱ्याचं मन राखतोय. मी त्याच्याकडे बघून हसलेही. तो टोपीचा पट्टा बांधत वर चढला, आणि विमान समुद्राकडे न जाता आधी उंची घ्यायला पूर्वेकडे वळून ढगाआड गेलं.

तो मुंबईला पोचला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी संगमेश्वराकडून निरोप आला. डोंगराच्या उतारावर विमान पडलं होतं. वडील आणि माझे यजमान गेले आणि तिथेच संगमावर सगळं उरकून आले. मला नेलं नाही. तीन वर्षांचा असल्यापासून त्याला आंघोळ घालणारी मी, आणि शेवटची मला दिसलीही नाही. याचा राग माझा अजून गेलेला नाही.

आगबोटी पावसाळ्यासाठी बंद व्हायच्या जरा आधी, भावाबरोबर शिकलेला एक पारशी मुलगा त्याची ट्रंक घेऊन आला. वडील धक्क्यावर होते. त्याला ओटीवर बसवून चहा दिला. तो मराठी बोले, पण आपल्या पद्धतीने. मी विचारलं, कसं झालं? त्याने कप खाली ठेवला.

"बेन, गाववाल्यांनी बघितला ने. ढगातून बाहेर आला तो गोल गोल फिरते, इंजिन पूरा जोरात. आसा कोन पडते? जे घड्याळ बघत नाय ते. काठी बघितली आसती तर समजला आसता." मग त्याने मान हलवली. "पन तो तर आमच्यात घड्याळांचा राजा होता. मने समजत नाय, बेन. बिलकूल समजत नाय."

तो गेल्यावर मी ट्रंक उघडली. कपडे, दाढीचं सामान, माझी सगळी पत्रं दोऱ्याने बांधलेली, आणि एका वहीत घातलेलं अर्धवट पत्र. त्याच आठवड्यातलं. वर मायना वडिलांचा.

'ति. बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. तुम्हाला कळवायचं फार दिवस मनात होतं, पण आधी करून बघायचं होतं. परवा दाभोळच्या वर एक ढग मिळाला. घड्याळांकडे न बघता, डोळे मिटून, फक्त गालावर चालवलं. बाहेर आलो तेव्हा सरळ होतो. दोनच मिनिटं, पण जमलं. पुढच्या वेळी याहून मोठ्या ढगात बघणार आहे, मग मास्तरांना सांगेन. ताईला म्हणावं, तिचं काम केलं. आता तुम्ही नीट'

तिथेच तुटलं होतं. 'जेवा' लिहायचं राहिलं असणार.

मी किती वेळ बसले होते ते आठवत नाही. दारात वडिलांच्या काठीचा आवाज आला तेव्हा पत्र माझ्या हातातच होतं आणि ते लपवणं सुचलं नाही. ते ट्रंकेजवळ खाली बसले. गुडघ्यांमुळे ते जमिनीवर कधी बसत नसत. भावाचा एक सदरा उचलून त्यांनी मांडीवर ठेवला. मग विचारलं, "त्येचं हाय? वाच."

मी वाचलं. नमस्कार वाचला. मग कागदाकडे बघत बघत मी म्हटलं, "लिहिलंय, बाबा, मी तुमचं म्हणणं पुष्कळ मनात घोळवलं. पण ढगात मी घड्याळांवरच चालवतो. मास्तरांचं बरोबर आहे. रागावू नका. आता तुम्ही नीट जेवा."

माझा आवाज कापला नाही. याचं मला आजही नवल वाटतं. समोर म्हातारा बाप बसला होता आणि एवढंच दिसत होतं की खरं वाचलं तर हा माणूस आज संपेल. आणि लपवायचं नाही, माझ्या त्या तीन ओळीही मला झाकायच्या होत्या. किती त्यांच्यासाठी आणि किती स्वतःसाठी, याची वाटणी मला कधी करता आली नाही.

वडिलांनी सदरा घडी करून ट्रंकेत ठेवला आणि म्हणाले, "म्हंजे माझं ऐकलंन नाय."

मला वाटलं होतं ते रडतील आणि मोकळे होतील. ते रडले नाहीत. त्यांना राग धरायला जागा मिळाली आणि त्या रागावर ते पुढे जगले. धक्क्यावर नव्या माणसाला ते सांगत, "बापाचं ऐकलं आसतंन तर आज आसता. शिकला नि शाणा झाला. डब्यांनी खाल्लंन त्येला." लोक मान डोलवत. कुणी माझ्यासमोर "पोराने हट्ट केला हो" म्हणे, आणि मी भाकरी थापत राही. ज्या पोराने मरेपर्यंत बापाचा शब्द पाळला त्याला गावभर हट्टी ठरवलं होतं, आणि ठरवणारी मी होते.

यजमानांना मी सगळं सांगितलं होतं. ते एकदाच म्हणाले, "खरं सांगून टाक." मीही एकदा ठरवलं. भावाच्या श्राद्धाच्या दिवशी, ब्राह्मण जेवून गेल्यावर, वडील पुन्हा तेच म्हणू लागले, तेव्हा मी ओरडले, "पुरे करा! तो तसा नव्हता!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजर अशी भांबावलेली, की पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. ते म्हणाले, "तुझा लाडका. तुला तसंच वाटणार." आणि मी आत जाऊन भांडी घासायला घेतली.

ते चार वर्षांनी गेले. शेवटच्या महिन्यात अंथरुणातून उठत नव्हते. एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी माझं मनगट धरून चमचा बाजूला सारला. आवाज अगदी खाली गेला होता, मी कान जवळ नेला.

"बाय, मी त्येला माफ क्येलाय. ऐकलंन नाय माझं, पन लेकरू व्हतं. आता राग नाय." थोडं थांबून, श्वास घेऊन ते म्हणाले, "तू पन माफ कर त्येला."

ते माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते. पेज निवत चालली होती.

मी म्हटलं, "केलं, बाबा."